भूचुंबकाची वादळे आणि मनाचे आरोग्य

मनुष्याच्या चित्तवृत्तींचा संबंध त्याच्या डोक्यावरील आकाशाशी जोडण्याची प्रवृत्ती इतकी जुनी आहे की, तिचा आरंभ कोठे झाला हे शोधण्याच्या भरीस कोणी पडू नये. अमावास्या-पौर्णिमेला वेड बळावते ही समजूत आपल्याकडे जशी घरोघर आहे, तशीच ती युरोपातील खेड्यापाड्यांतही शतकानुशतके नांदली. परंतु गेल्या शंभर वर्षांत या समजुतींच्या शेजारी एक निराळाच पक्ष येऊन उभा राहिला आहे. सूर्यावरील उत्पातांमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ माजते, आणि ती खळबळ दुर्बल मनाच्या माणसांना विषादाकडे, उन्मादाकडे, क्वचित् आत्मघाताकडेही लोटते, असे या पक्षाचे म्हणणे आहे. ग्रहताऱ्यांच्या फलांविषयीच्या जुन्या श्रद्धांहून या म्हणण्याची जात वेगळी आहे, कारण यातील कारण म्हणून सांगितलेली वस्तू मोजता येते, तिचे दप्तर ठेवता येते आणि त्या दप्तराशी रुग्णालयांच्या नोंदींची रुजवात घालता येते. म्हणूनच या प्रश्नाकडे हसून पाठ फिरवणे मला न्यायाचे वाटत नाही, आणि त्याला उत्साहाने मिठी मारणेही वाटत नाही. आजवर त्याविषयी जो पुरावा जमा झाला आहे तो एकदा नीट तपासून पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या क्षेत्राचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. पृथ्वीच्या पोटातील वितळलेल्या लोहाच्या अभिसरणातून निर्माण होणारे हे क्षेत्र पृष्ठभागावर सुमारे 25,000 ते 65,000 नॅनोटेस्ला इतके भरते. विषुववृत्तीय प्रदेशात ते सामान्यतः क्षीण, ध्रुवांकडे तीव्र. त्यात होणारे फेरफार तीन प्रकारचे आहेत आणि या विषयावरील पुष्कळसा गोंधळ त्यांची सरमिसळ केल्यामुळेच माजतो. पहिला फेरफार दशकांच्या व शतकांच्या गतीने होतो : चुंबकीय ध्रुव सरकतो, क्षेत्राची एकूण शक्ती मंदपणे घटते वा वाढते. दुसरा रोजचा आहे : दिवसा सूर्याच्या तापाने वातावरणाच्या उंच थरांत विद्युत्प्रवाह वाहू लागतात आणि क्षेत्र काही दशक नॅनोटेस्लांनी वरखाली होते. तिसरा फेरफार म्हणजे चुंबकीय वादळ. सूर्यापासून सुटलेले विद्युद्भारित कणांचे लोट पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळले की काही तासांत क्षेत्र शंभर, दोनशे, क्वचित् चारशे नॅनोटेस्लांनी खचते आणि मग दोन-तीन दिवसांत हळूहळू पूर्वपदावर येते. मानसिक आरोग्याच्या संदर्भात ज्याची चर्चा होते ते बहुतांशी हे तिसरे, म्हणजे वादळाचे प्रकरण होय.

या वादळांच्या अभ्यासात मुंबई इलाख्याने जी कामगिरी बजावली तिची जाणीव आपल्या वाचकांना असावी तितकी नाही. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी उभारली. 1841 साली एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक ऑर्लेबार यांनी तेथे चुंबकीय वेध घेण्यास आरंभ केला आणि 1846 पासून ती नोंद अखंड राहिली. 1859 च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यबिंबावर एक लखलखाट पाहिला आणि त्यानंतर सतरा-अठरा तासांनी जगभर तारयंत्रे बंद पडली. त्या अभूतपूर्व वादळात कुलाब्याचे क्षैतिज चुंबकीय बल सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळल्याचे तेथील रोजनाम्यात नमूद आहे, आणि एकविसाव्या शतकात त्या वादळाचे परिमाण ठरवू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना अखेर याच दप्तराकडे यावे लागले. 1896 मध्ये या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झालेले नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांनी 1846 ते 1905 या साठ वर्षांच्या नोंदींचे संकलन करून 1910 मध्ये ते दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म वेध बिघडणार, हे ओळखून 1904 साली चुंबकीय वेधांचे ठाणे अलिबागेस हलवण्यात आले. तेथील इमारतीसाठी लोहांश नसलेला पोरबंदरी दगड मुद्दाम वापरण्यात आला. आणि जुन्या व नव्या ठिकाणच्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेण्याची तजवीजही झाली. पुढे 1971 मध्ये स्वतंत्रपणे स्थापन झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेने हा वारसा आजतागायत चालवला आहे. मी हा तपशील विस्ताराने देतो याचे कारण असे की, आपल्या प्रश्नाच्या दोन बाजूंपैकी एका बाजूचे, म्हणजे चुंबकीय बाजूचे, मोजमाप किती काटेकोर आहे हे वाचकाला कळावे. दुसऱ्या बाजूची, म्हणजे मनाच्या मोजमापाची, अवस्था किती निराळी आहे हे पुढे येईलच.

चुंबक आणि मन यांची सांगड घालण्याचा पहिला गाजलेला प्रयोग फ्रान्झ मेस्मर या व्हिएन्नाच्या वैद्याने केला. 1774 च्या सुमारास त्याने रुग्णांच्या अंगावर लोहचुंबक फिरवून त्यांचे झटके थांबवल्याचा दावा केला. पुढे चुंबकही अनावश्यक ठरवून तो केवळ स्पर्शाने व दृष्टीने 'प्राणिचुंबकत्व' संक्रमित करू लागला. पॅरिसमध्ये त्याचा बोलबाला इतका वाढला की 1784 मध्ये राजाज्ञेने एक आयोग नेमला गेला. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए हे त्याचे सभासद होते. आयोगाने रुग्णांना न सांगता कधी 'चुंबकीकरण' केले, कधी केले नसतानाही केले असे सांगितले, आणि निष्कर्ष काढला की परिणाम होतो तो कल्पनेचा, चुंबकाचा नव्हे. वैद्यकाच्या इतिहासातील आंधळ्या चाचणीचे हे एक अगदी आरंभीचे उदाहरण होय. मात्र तेवढ्याने ते प्रकरण संपले नाही. 1840 च्या दशकात जेम्स एस्डेल या कंपनी सरकारच्या डॉक्टराने हुगळी येथे आणि नंतर कलकत्त्यात मेस्मरच्याच पद्धतीने रुग्णांना निश्चेष्ट करून मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. त्या यशस्वी झाल्या हे खरे, पण त्यांतून सिद्ध झाली ती सूचनेची शक्ती. हा धडा मनात बाळगून पुढे गेले पाहिजे, कारण मानसिक लक्षणांच्या क्षेत्रात अपेक्षा हीच एक फार मोठी कारणशक्ती असते.

भूचुंबकीय वादळांचा प्रश्न आधुनिक रूपात मांडला तो रशियातील अलेक्सांद्र चिझेव्हस्की यांनी. सौरडागांच्या अकरा वर्षांच्या आवर्तनाशी युद्धे, बंडे व साथीचे रोग यांची चढउतार जुळते, असे प्रतिपादन करणारी त्यांची पुस्तिका 1924 साली कालुगा येथे निघाली. क्रांतीचे कारण समाजव्यवस्थेत नसून सूर्यात आहे, असा तिचा ध्वनी निघत असल्याने ती राज्यकर्त्यांना रुचणे शक्य नव्हते. 1942 मध्ये चिझेव्हस्कींना अटक झाली आणि आठ वर्षे छावण्यांत काढावी लागली. त्यांच्यावर झालेला अन्याय निंद्य आहे, परंतु त्यामुळे त्यांचे प्रमेय सिद्ध होत नाही. त्याच सुमारास जर्मनीत बर्नहार्ड आणि त्राउट ड्यूल या जोडीने मृत्यूंच्या व आत्महत्यांच्या तारखा चुंबकीय अशांततेच्या दिवसांशी ताडून पाहिल्या आणि संबंध आढळल्याचे जाहीर केले. येथून पुढे या क्षेत्रातील संशोधनाचा जो शिरस्ता पडला तो आजपर्यंत फारसा बदललेला नाही : एका हाती वेधशाळेचे कोष्टक, दुसऱ्या हाती इस्पितळाचे वा नगरपालिकेचे रजिस्टर, आणि दोहोंच्या तारखांची जुळणी.

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 1963 सालचे आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट बेकर हे अस्थिशल्यचिकित्सक आणि हॉवर्ड फ्रीडमन हे मानसशास्त्रज्ञ यांनी आठ मनोरुग्णालयांत दाखल झालेल्या 28,000 हून अधिक रुग्णांच्या नोंदी चार वर्षांतील 67 चुंबकीय वादळांशी जुळवून पाहिल्या आणि वादळांनंतर दाखल्यांचे प्रमाण वाढते असा निष्कर्ष 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी वॉर्डातील रुग्णांच्या वर्तनाविषयीही त्यांनी तसेच लिहिले. नियतकालिक प्रतिष्ठित, आकडा मोठा, यामुळे हा लेख आजही पुराव्यादाखल पुढे केला जातो. परंतु 1966 मध्ये टेक्सासमधील अलेक्स पोकोर्नी यांनी आत्महत्या, मनोरुग्णालयातील दाखले इत्यादी नोंदी घेऊन तीच तपासणी केली तेव्हा त्यांना असा संबंध आढळला नाही. आणि ही गोष्ट मात्र क्वचितच कोणाच्या उद्धरणात येते.

नव्वदीच्या दशकात हा प्रश्न पुन्हा वर आला. 1994 मध्ये ब्रिटनच्या मानसोपचारविषयक प्रमुख नियतकालिकात आर. डब्ल्यू. के यांनी असे दाखवले की, वादळानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात उन्माद-विषाद या आवर्ती विकाराच्या विषादावस्थेत दाखल होणाऱ्या पुरुषांची संख्या शांत कालखंडांच्या तुलनेत 36.2 टक्क्यांनी अधिक होती. स्त्रियांतही वाढ दिसली, पण ती योगायोगाच्या मर्यादेपलीकडे गेली नाही. आता याच्या शेजारी 2006 मधील ऑस्ट्रेलियातील अभ्यास ठेवू. मायकेल बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 ते 2002 या कालावधीतील 51,845 पुरुषांच्या आणि 16,327 स्त्रियांच्या आत्महत्यांची नोंद तपासली, आणि त्यांना आढळले ते हे की, शरद ऋतूत वादळांच्या काळात स्त्रियांच्या आत्महत्या वाढतात, पुरुषांच्या वाढत नाहीत. एका अभ्यासात परिणाम पुरुषांवर, दुसऱ्यात स्त्रियांवर. एकात तो दुसऱ्या आठवड्यात, दुसऱ्यात वादळाच्याच वेळी आणि तेही एका विवक्षित ऋतूत. दोन्ही संशोधकांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण दोन साक्षीदार जेव्हा घटना घडली एवढ्यावरच एकमत होतात आणि ती कोणाच्या बाबतीत, केव्हा घडली यावर भिन्न जबान्या देतात, तेव्हा त्यांच्या साक्षी एकमेकींना पुष्टी देतात असे कोणतेही न्यायासन म्हणणार नाही.

संख्याशास्त्रातील एक साधी गोष्ट येथे सांगणे अवश्य आहे. वीसांत एकदा केवळ योगायोगाने घडेल इतपत दुर्मीळ निष्कर्ष 'अर्थपूर्ण' मानण्याचा संकेत आहे. आता एखाद्या संशोधकाने स्त्रिया व पुरुष वेगळे काढले, चार ऋतू वेगळे काढले, तीन-चार रोगनिदाने वेगळी काढली आणि वादळाच्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पहिल्या आठवड्यात, दुसऱ्या आठवड्यात असे निरनिराळे कालावधी तपासले, तर शंभराहून अधिक रकाने सहज होतात. आणि आकाश व मन यांचा काडीचा संबंध नसतानाही त्यांतील पाच-सहा रकाने 'अर्थपूर्ण' ठरणे अपरिहार्य असते. कोणता रकाना पाहायचा हे आधी जाहीर करून मग नोंदी उघडल्या असतील तरच त्या निष्कर्षाला वजन येते. या क्षेत्रातील जुन्या अभ्यासांपैकी फार थोड्यांबद्दल तसे म्हणता येते.

ऋतुमानाचा प्रश्न तर याहूनही नाजूक आहे. कोला द्वीपकल्पातील किरोव्स्क या उत्तरेकडच्या गावी ओलेग शुमिलोव्ह यांना आत्महत्यांचे हंगामी चढाव आणि चुंबकीय अशांततेचे चढाव जुळताना दिसले, आणि त्यावरून त्यांनी कार्यकारणभाव सुचवला. चुंबकीय वादळे वर्षातून दोनदा, मार्च व सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आगेमागे, अधिक संख्येने येतात हे सत्य आहे. सूर्याकडून येणाऱ्या चुंबकीय प्रवाहाशी पृथ्वीच्या अक्षाचा जो कोन त्या काळात होतो त्यातून याची उपपत्ती रसेल आणि मॅकफेरॉन यांनी 1973 मध्ये मांडली. आत्महत्या वसंताच्या व ग्रीष्मारंभाच्या काळात वाढतात हेही एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात आहे. एमिल दुर्खेम यांनी 1897 च्या आपल्या ग्रंथात हा चढाव दिला आहे आणि त्याचे कारण उष्म्यात वा आकाशात न शोधता, दिवस मोठा होत जाताना सामाजिक व्यवहार दाट होत जातो यात शोधले आहे. दुर्खेम यांची उपपत्ती कोणी मानो वा न मानो, पण एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. वादळांचे दोन हंगाम उत्तर व दक्षिण गोलार्धांत एकाच वेळी येतात. आत्महत्यांचा चढाव मात्र प्रमुखतः एक असतो, आणि तो प्रत्येक गोलार्धात त्या त्या गोलार्धाच्या वसंताबरोबर येतो, म्हणजे उत्तरेकडे एप्रिल ते जूनच्या सुमारास, तर दक्षिणेकडे सहा महिन्यांच्या अंतराने. चुंबकीय वादळ हे मुख्य कारण असते तर दोन्हीकडे दोन चढाव एकाच महिन्यांत दिसावयास हवे होते. तसे ते दिसत नाहीत, एवढ्यावरून ऋतुचक्राचा मोठा भाग तरी प्रकाशाच्या व सामाजिक जीवनाच्या वाट्याला जातो आणि चुंबकाच्या वाट्याला राहिलाच तर एखादा कोपरा राहतो, असे म्हणणे भाग पडते.

मग परिणाम होण्याचा मार्ग तरी संभवनीय आहे काय? येथे भौतिकशास्त्रज्ञांचा आक्षेप जबर आहे. तीनशे नॅनोटेस्लांचे वादळ म्हणजे मूळ क्षेत्रात एका टक्क्याच्याही आतला फरक. मुंबईत उत्तरेकडे तोंड करून उभा असलेला मनुष्य दक्षिणेकडे वळला, तर त्याच्या शरीराच्या दृष्टीने क्षैतिज क्षेत्रात सत्तर हजार नॅनोटेस्लांहून अधिक पालट होतो, आणि हे आपण दिवसातून असंख्य वेळा करतो. एम.आर.आय. यंत्रातील क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक असते. शरीरातील रेणूंची उष्णताजन्य हालचाल इतकी प्रचंड आहे की, तीत वादळाची सूक्ष्म चुंबकीय ऊर्जा म्हणजे भर यात्रेच्या गजरात कोणी कानाशी पुटपुटावे तशी हरवून जाते.

तथापि सजीवसृष्टीने हे पुटपुटणे ऐकण्याची काही साधने खरोखरच घडवली आहेत, आणि या प्रश्नात मला जे खरे आकर्षण वाटते ते येथे आहे. फ्रँकफुर्टमध्ये वोल्फगांग विल्चको यांनी 1960 च्या दशकात दाखवले की युरोपियन रॉबिन हा स्थलांतर करणारा पक्षी चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ओळखतो. 1978 मध्ये क्लाउस शुल्टेन यांनी अशी उपपत्ती मांडली की प्रकाशाने उत्तेजित झालेल्या काही रेणुयुग्मांतील इलेक्ट्रॉनांचे परिवलन इतके नाजूक असते की अत्यल्प क्षेत्रही रासायनिक क्रियेचा कल बदलू शकते. यात उष्णतेवर मात करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ही क्रिया उष्णता तिचा समतोल साधण्याआधीच उरकते. 2000 साली शुल्टेन आणि त्यांचे सहकारी यांनी असा रेणू म्हणून डोळ्यातील क्रिप्टोक्रोम या प्रथिनाचे नाव पुढे केले, आणि 2021 मध्ये ओल्डेनबुर्ग व ऑक्सफर्ड येथील शास्त्रज्ञांनी रॉबिनचे हे प्रथिन परीक्षानळीत चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देते असे दाखवून दिले. आता क्रिप्टोक्रोम मनुष्यातही आहे, आणि त्याचे कार्य कोणते? तर शरीराच्या दिनरात्रीच्या घड्याळाचा तो एक प्रमुख भाग आहे. 2011 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्टीव्हन रेपर्ट यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीचा स्वतःचा क्रिप्टोक्रोम काढून त्या जागी मानवी क्रिप्टोक्रोम घातला, तेव्हा माशीची चुंबकसंवेदना परत आली. याचा अर्थ मनुष्याला ही संवेदना आहे असा होत नाही. तो रेणू त्या कामास पात्र आहे एवढाच होतो. पण विषाद आणि उन्माद या विकारांत झोपेचे व दिनचक्राचे बिघाड किती मध्यवर्ती असतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा दुवा सहजासहजी टाकून देता येणार नाही.

या दुव्याच्या बाजूने आणखी दोन-तीन धागे आहेत. बव्हेरियातील आंडेक्स येथे 1960 च्या दशकात युर्गेन आशोफ आणि र्युटगर वेवर यांनी जमिनीखाली खोल्या बांधून माणसांना आठवडेच्या आठवडे घड्याळ व सूर्यप्रकाश यांविना ठेवले. त्यांतील एक खोली बाह्य चुंबकीय क्षेत्रापासून आच्छादित होती, आणि तेथील माणसांचे नैसर्गिक दिनचक्र इतरांपेक्षा काहीसे लांबल्याचे व अधिक विस्कळीत झाल्याचे वेवर यांनी नोंदवले. 1999 मध्ये अमेरिकेत जेम्स बर्च यांनी वीजकंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या मूत्रातील मेलॅटोनिनचा अवशेष तपासला आणि चुंबकीय अशांततेच्या काळात तो घटत असल्याचे सांगितले. मेलॅटोनिन हे रात्रीचे संप्रेरक, झोपेचे निदर्शक. दुसरीकडे जोसेफ कर्शविंक यांनी 1992 मध्ये मानवी मेंदूच्या ऊतींत मॅग्नेटाइटचे सूक्ष्म स्फटिक दाखवले आणि 2019 मध्ये कॅलिफोर्नियात, बाह्य क्षेत्रापासून आच्छादलेल्या कक्षात, पृथ्वीएवढ्याच तीव्रतेचे क्षेत्र फिरवले असता काही व्यक्तींच्या मेंदूच्या अल्फा-तरंगांत क्षणिक घट होते असे मांडले. त्या व्यक्तींना स्वतःला काहीही जाणवले नव्हते. या प्रयोगांची स्वतंत्र फेरतपासणी कसोशीने होणे आवश्यक आहे; मॅन्चेस्टरच्या रॉबिन बेकर यांनी 1980 मध्ये डोळे बांधलेल्या विद्यार्थ्यांना बसमधून दूर नेऊन मनुष्यास चुंबकीय दिशाज्ञान असल्याचा जो दावा केला होता, तो अमेरिकेत पुन्हा करून पाहिल्यावर टिकला नव्हता, हे विसरता येत नाही.

ज्यांवर जास्त वेळ घालवू नये अशाही काही गोष्टी या विषयाभोवती गोळा झाल्या आहेत. पृथ्वी आणि आयनांबर यांच्यामधील पोकळीत विजांमुळे उठणाऱ्या, सेकंदाला पावणेआठ आवर्तनांच्या शूमन-तरंगांना 'पृथ्वीची नाडी' ठरवून त्यावर चित्तशांतीची यंत्रे विकली जातात. मेंदूच्या काही तरंगांची वारंवारता त्या आकड्याच्या आसपास आहे, एवढेच त्यातील साम्य. कॅनडातील मायकेल पर्सिंजर यांनी दुर्बल चुंबकीय क्षेत्रांचे शिरस्त्राण घालून लोकांना अदृश्य सान्निध्याचा अनुभव येतो असे म्हटले. 2005 मध्ये स्वीडनमध्ये तो प्रयोग दुहेरी आंधळ्या पद्धतीने झाला तेव्हा अनुभव सूचनाग्राहीपणावर अवलंबून आढळला, क्षेत्रावर नाही. आपल्याकडे उत्तरेस डोके करून झोपू नये या रूढीला अलीकडे चुंबकाचा आधार देण्याची टूम निघाली आहे. ती रूढी चुंबकीय क्षेत्राच्या ज्ञानाहून जुनी आहे आणि तिचा संबंध मृतदेह ठेवण्याच्या दिशेशी आहे. ज्याला पाळावयाची त्याने ती परंपरा म्हणून पाळावी, तिला विज्ञानाचे प्रमाणपत्र मागू नये.

नैराश्यावर चुंबकाने उपचार होतात हे मात्र खरे आहे. 1985 मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी कवटीबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदू उत्तेजित करण्याचे यंत्र तयार केले आणि 2008 मध्ये अमेरिकेत त्या पद्धतीला औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी मान्यता मिळाली. परंतु त्या स्पंदाचे बल एक-दोन टेस्ला, आणि तो सेकंदाच्या सहस्रांशाच्याही आत चढतो-उतरतो. त्या वेगामुळे मेंदूत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि काम होते ते त्या प्रवाहाने. चुंबकीय वादळ तासांच्या गतीने चालते आणि लक्षावधी पटींनी दुबळे असते. या उपचाराचा दाखला वादळांच्या बाजूने देणे म्हणजे केवळ शब्दसाम्यावर विसंबणे आहे.

आता भारताच्या अक्षांशाचा विचार, जो या वाङ्मयात मला जवळजवळ कोठेच आढळत नाही. वादळाचा खरा तडाखा ध्रुवीय प्रदेशांना बसतो. तेथे काही मिनिटांत हजार नॅनोटेस्लांचे हेलकावे बसतात. 2024 च्या मे महिन्यातील वादळ वीस वर्षांतील सर्वांत प्रबळ होते, लडाखमधील हानले येथून आकाशात तांबूस प्रभा टिपता आली, तरीही आपल्या मुलखात क्षेत्र खचले ते सुमारे एका टक्क्याच्या हिशेबाने. उलट चुंबकीय विषुववृत्त तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या परिसरातून जाते, आणि तेथे आकाशातील एका अरुंद विद्युत्प्रवाहामुळे दररोज दुपारी क्षेत्र अनेकदा शंभर नॅनोटेस्लांच्या आसपास वाढून संध्याकाळी उतरते. युरोपातील काही अभ्यासांत जेवढ्या फरकाला 'वादळ' म्हणून मनोविकाराचे कारण ठरवले आहे, तेवढा फरक तिरुनेलवेलीचा शेतकरी रोज दुपारच्या जेवणाच्या वेळी सोसतो. केवळ फरकाचे परिमाण मन बिघडवीत असते, तर त्या जिल्ह्याची दुपार ओळखू यावी. प्रतिपक्षी म्हणेल की रोजचा फरक नियमित असतो, शरीराला त्याची सवय होते, आणि घातक ठरते ती अनियमितता. हा युक्तिवाद अग्राह्य नाही. पण मग 'किती नॅनोटेस्ला' हे माप सोडून अनियमिततेचे नेमके माप कोणते ते त्यांनी आधी सांगितले पाहिजे. भारतात या दिशेने अगदीच काही झाले नाही असे नाही : 1981 मध्ये राजाराम आणि मित्रा या संशोधकांनी अपस्माराचे झटके आणि चुंबकीय अशांतता यांतील सहसंबंध प्रसिद्ध केला होता. त्या दिशेने पुढे जेवढे काम व्हावयास हवे होते तेवढे झाले नाही याची खंत वाटते.

क्षेत्राच्या मंद बदलांविषयी थोडक्यात सांगतो. 1840 च्या सुमारापासून पृथ्वीच्या द्विध्रुवी क्षेत्राची शक्ती सुमारे नऊ टक्क्यांनी उतरली आहे. उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडातून सायबेरियाच्या रोखाने सरकला आहे. सुमारे 42,000 वर्षांपूर्वी हे क्षेत्र काही शतके अत्यंत क्षीण झाले होते आणि त्या काळात मनुष्यजात पृथ्वीवर होती. या मंद बदलांमुळे आजच्या माणसांत मनोविकार वाढत आहेत असे म्हणण्यास कसलाही पुरावा नाही. नऊ टक्क्यांचा फरक तर मनुष्य मुंबईहून दिल्लीस गेला तरी अनुभवतो.

या साऱ्या पुराव्याचे वजन करता माझे मत असे बनले आहे : सर्वसामान्य निरोगी माणसाच्या मनावर चुंबकीय वादळांचा परिणाम होतो असे सिद्ध झालेले नाही, ज्यांचे दिनचक्र आधीच अस्थिर आहे अशा थोड्या रुग्णांवर, विशेषतः उच्च अक्षांशांवर, झोपेच्या मार्गाने अल्पसा परिणाम होत असणे संभवनीय आहे, पण तेही अद्याप संभवाच्याच कोटीत आहे. येथे एका धोक्याकडे लक्ष वेधणे मला कर्तव्य वाटते. रशियात वृत्तपत्रांतून 'चुंबकीय दृष्ट्या वाईट' दिवसांची भाकिते छापली जातात आणि ती वाचून अनेकांना त्या दिवशी खरोखरच अस्वस्थ वाटते. मेस्मरच्या रुग्णांचीच ही गत आहे, आणि भाकीत सर्वांना ठाऊक झाले की पुढचा कोणताही अभ्यास कलुषित होतो. दुसरा धोका अधिक गंभीर. विदर्भ-मराठवाड्यातील एखाद्या घरात कर्त्या माणसाने जीव दिला तर त्यामागे कर्ज, नापिकी, एकाकीपणा, दारू, न उपचारलेला विषाद यांची दाट गुंफण असते आणि त्यांतील बहुतेक दुवे मनुष्याच्या हाती सुटण्याजोगे असतात. त्या दुःखाचे कारण सूर्यावर ढकलणारा विचार, त्याचा हेतू कितीही शुद्ध असो, तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ नसण्याची जबाबदारी हलकी करतो. ज्याला आज मदत हवी आहे त्याने ती डॉक्टरकडे आणि आपल्या माणसांकडे मागावी. चुंबकसूचीकडे पाहून थांबू नये.

तरीही प्रश्न निकालात काढण्याचा मार्ग उपलब्ध आहे आणि तो आपल्या आटोक्यात आहे. ठाणे व येरवडा येथील मनोरुग्णालयांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून रुग्ण दाखल होत आले आहेत. त्यांतील ज्या दशकांचे दाखल-बुक शाबूत असेल ते वादळांची भाकिते वृत्तपत्रांत येण्याच्या कितीतरी आधीचे, म्हणजे अपेक्षेच्या दोषापासून मुक्त असेल. रुग्णांची नावे वगळून केवळ तारीख, लिंग, वय आणि निदान घ्यावे. कोणता विकार, वादळानंतरचा कोणता कालावधी, अशांततेचे कोणते माप हे आधी लिहून मोहोरबंद करावे. ऋतू, सणवार, पावसाळ्यातील बंद रस्ते आणि रविवारची सुट्टी यांची वजावट करावी. आणि मगच अलिबागच्या नोंदीशी जुळणी करावी. हीच जुळणी, याच नियमांनी, नॉर्वे किंवा फिनलंडच्या उत्तर भागातील रुग्णालयांतही व्हावी. वादळ तेथे आपल्यापेक्षा कितीतरी प्रबळ असते, तेव्हा कारण चुंबकीय असेल तर परिणाम तेथे ठळक आणि अलिबागच्या अक्षांशावर फिका दिसला पाहिजे. दोन्हीकडे तो सारखाच दिसला, तर तो चुंबकाचा नसून आकडेमोडीच्या पद्धतीतून उपजला आहे असे समजावे. आणि दोन्हीकडे दिसलाच नाही, तर के आणि बर्क यांचे निष्कर्ष शंभर रकान्यांतील पाच-सहांपैकी होते असे मानण्यास कोणाची हरकत राहू नये.